पेलेटची शेगडी का धुपते?

हॉस्टेलवर 'शेगडी' हा शब्द उच्चारला की रेक्टर सरांना कॉइल आठवते आणि आपल्याला जप्ती! पण हा लेख त्या शेगडीबद्दल नाही. अकोल्याला माझी मावशी छोटी खानावळ चालवते. तिच्याकडे गेली काही वर्षे गॅससोबत पेलेटची एक शेगडी आहे. मी मेकॅनिकलला ॲडमिशन घेतल्यापासून त्या शेगडीचा सर्व्हिस इंजिनिअर मीच. बडनेऱ्याहून गाडीत बसून घरी पोहोचत नाही तोच मावशी म्हणते, "इंजिनेर झाला ना तू? मंग पाह्य बरं, हे काऊन धुपून राह्यली!" त्या निमित्ताने जे कळले ते इथे लिहितो आहे. थर्मलच्या पेपरात यातले फारसे येत नाही, पण व्हायवात उपयोगी पडेल.

पेलेट म्हणजे काय? लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले, पऱ्हाट्या असला काडीकचरा दळून, साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने बाहेर काढलेल्या ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. त्यात डिंक वगैरे घालावा लागत नाही. दाबामुळे उष्णता तयार होते, लाकडातले लिग्निन मऊ होते आणि थंड झाल्यावर तेच कांडी धरून ठेवते. ढेप पाहिली आहे ना? दिसायला साधारण तसेच.

आता हा विषय आपल्या वऱ्हाडाचा का, तर कच्चा माल आपल्या धुऱ्यावर पडलेला आहे म्हणून. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटतात. थोड्या चुलीसाठी घरामागे रचतात, बाकीच्या वावरातच पेटवून देतात. रचून ठेवलेल्या ढिगातही धोका असतो, कारण गुलाबी बोंडअळी त्यात दडून पुढच्या हंगामापर्यंत टिकते, आणि २०१७ साली या अळीने विदर्भात काय केले ते शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना सांगायला नको. कापसावर संशोधन करणारी सिरकॉट ही १९२४ पासूनची केंद्रीय संस्था मुंबईत आहे, तिचे जिनिंगचे केंद्र नागपूरला आहे. पऱ्हाट्यांपासून ब्रिकेट आणि पेलेट करण्याचे तंत्र तिने विकसित केले आहे. कोरड्या पऱ्हाटीच्या एका किलोत साधारण ४,००० किलोकॅलरी उष्णता असते. एलपीजीत ११,००० च्या आसपास. म्हणजे ढोबळ हिशेबाने पावणेतीन किलो पऱ्हाटी बरोबर एक किलो गॅस. सिलिंडर कधी संपतो याकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला हा हिशेब लवकर समजतो.

घरगुती पेलेट शेगडीचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग 'ऊर्जा' नावाच्या शेगडीचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वलनावर जे काम केले त्यातून ती आली. बीपी या तेल कंपनीने २००६ पासून ती बाजारात आणली, पुढे फर्स्ट एनर्जी या कंपनीने तो व्यवसाय चालवला. घरगुती ग्राहकांना ४ लाखांहून अधिक शेगड्या विकल्या गेल्या. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ९९८ घरांची पाहणी आहे. ज्यांनी शेगडी घेतली त्यांच्यापैकी फक्त ९ टक्के घरांत ती तोपर्यंत चालू राहिली होती! मुख्य कारण शेगडीतला बिघाड नव्हते. स्वस्त काडीकचरा गोळा करून परवडेल असा पेलेट घरापर्यंत पोहोचवणे कंपनीला जमेना. मग कंपनीने मोर्चा हॉटेले आणि मोठ्या भटारखान्यांकडे वळवला. मला वाटते आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा, कारण डिझाइन उत्तम असूनही यंत्र माळ्यावर गेले.

शेगडी आतून अगदी साधी आहे. सिरॅमिकचे अस्तर असलेला एक डबा, तळाला जाळी, वरच्या कडेला गोल भोकांची रांग, आणि खाली कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये असतो तसा छोटा डीसी पंखा. मावशीच्या भाषेत 'बॅटरीवरची फुकणी'. पंख्याची थोडी हवा जाळीतून वर जाते, बाकीची वरच्या भोकांतून आत येते. डबा पेलेटने भरायचा आणि पेटवायचा वरून. चुलीच्या बरोबर उलटे! आग वरून खाली सरकते. खालून येणारी हवा अपुरी असल्याने पेलेट पूर्ण जळत नाही, त्यातून जळाऊ वायू निघतो, आणि वर आल्यावर भोकांतली ताजी हवा मिळून तो वायू पेटतो. कोरड्या काडीकचऱ्याच्या वजनाचा ७०-८० टक्के भाग असा वायू होऊन निघतो, उरतो तो कोळसा. एक किलो कोरडे लाकूड पूर्ण जळायला सुमारे सहा किलो हवा लागते. ही हवा दोन ठिकाणी बरोबर वाटली गेली की धूर नाही, आणि वाटणी बिघडली की डोळ्यांत पाणी. शेगडीच्या बहुतेक तक्रारी या एका वाक्यात बसतात.

पहिली तक्रार : पेटवतानाच धुपते. बहुतेक वेळा सवयीने कोणीतरी खालून पेटवलेले असते. तसे केले की सगळा थर एकदम तापतो आणि इतका वायू निघतो की वरच्या हवेला तो झेपत नाही. वरच्या थरावर तुराट्यांचे चार बारीक तुकडे आणि कापराची एक वडी ठेवावी, पंखा अगदी हळू ठेवावा, ज्योत धरली की वाढवावा. सुरुवातीलाच पंखा जोरात लावला तर नवी ज्योत विझते आणि नुसता धूर उरतो. दुसरी सवय म्हणजे मध्येच पेलेट टाकणे. पोळ्या अर्ध्यावर आल्या की माणूस घाबरून मूठभर टाकतो. लाल इस्त्यावर पडलेला नवा पेलेट वरच्या वर वायू सोडतो आणि स्वयंपाकघर धुराने भरते. स्वयंपाकाच्या अंदाजाने आधीच भरावे. घरगुती शेगडी एका भरणीत साधारण तासभर चालते.

हे सगळे बरोबर असूनही धूर येत असेल तर पेलेट ओला आहे. चांगली कांडी मोडताना 'कट' असा आवाज येतो आणि तुटलेला भाग चकचकीत असतो. ओलावलेली बोटांत चुरते.

दुसरी तक्रार : ज्योत मरतुकडी आहे. आधी पंखा पाहावा. कागदाची पातळ पट्टी भोकांपुढे धरली की हवा येते की नाही ते कळते. बॅटरी चार्ज दाखवते पण पंखा रेंगाळतो, असे असेल तर मल्टीमीटर पंखा चालू ठेवूनच लावा. रिकामी बॅटरी लोडशिवाय नेहमीच फुशारकी मारते. आपल्या भागात एक खास दोष मी दोनदा पाहिला. पंख्याची हवा खालून ओढली जाते, आणि घरात कापूस भरलेला असेल तर रुईचे तंतू पात्यांवर गुंडाळले जातात. जुन्या टूथब्रशने ते काढले की पंखा पुन्हा भन्नाट. शेगडी जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवली तर हा त्रास कमी होतो. वायर तुटून पुन्हा जोडायची वेळ आली तर लाल-काळी नीट पाहा, उलटी जोडली तर हा पंखा फिरत नाही, एखादवेळी त्याचे सर्किटही जाते.

पंखा ठीक असेल तर जाळी चोंदली आहे. इथे साफसफाईचा खरा भाग येतो. राख भुसभुशीत असेल तर शेगडी उलटी करून झटकली की झाले. पण कधी कधी जाळीवर काचेसारखा कडक खडा बसतो. वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटा एकमेकींना चिकटून काचेसारख्या होतात, तोच प्रकार. इंग्रजीत त्याला क्लिंकर म्हणतात. पिकांच्या काडीत पोटॅशियम जास्त, त्याने राखेचा वितळबिंदू उतरतो, आणि वाळू-माती मिसळली की काच व्हायला वेळ लागत नाही. पऱ्हाटी मुळासकट उपटतात, मुळाला काळी माती घट्ट धरलेली, ती न झटकता दळली की खडा हमखास. गार झाल्यावर तो स्क्रूड्रायव्हरने हलक्या हाताने सुटतो. हातोडी चालवू नका, अस्तर तडकते. वरच्या भोकांत काजळी साचली असेल तर सायकलचा स्पोक फिरवावा, पण भोके मोठी करू नयेत. कोणीतरी ड्रिल मारून 'हवा वाढवलेली' शेगडी मी पाहिली आहे. तिच्यात वाटणी कायमची बिघडली होती. पाण्याने धुणे तर नकोच : अस्तर भेगाळते, आणि ओली राख खारट-क्षारयुक्त असल्याने पत्रा व पंखा दोन्ही खाते.

राख काढायची ती दुसऱ्या दिवशी सकाळी. वरून गार दिसणाऱ्या राखेखाली इस्तो कित्येक तास जिवंत राहतो. ती पत्र्याच्या टोपल्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा कुटाराजवळ कधीच नको. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून घर तापवायला पेलेटचे मोठे स्टोव्ह वापरतात. त्यांत मोटर आपोआप पेलेट सोडते, धुराडे असते, तरी त्यांच्याही मालकांची मुख्य कामे हीच : राख, खडा, पंखा.

आता हॉस्टेलवाल्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचे. वायू संपला की ज्योत बसते, कोळसा निळसर जळत राहतो आणि धूर बिलकुल दिसत नाही. नेमका तेव्हा कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट धरतो. जानेवारीच्या थंडीत कोणाला वाटेल की ही बिनधुराची शेगडी रूममध्ये ठेवून, दार-खिडकी लावून झोपावे. असे केले तर सकाळी उठणे होणार नाही. कोळशाच्या शेगडीचेही हेच. डोके जड होणे, चक्कर, मळमळ, अकारण झोप येणे ही लक्षणे एकाच खोलीतल्या दोघांना एकदम दिसली तर आधी त्यांना उघड्यावर न्या आणि १०८ ला फोन करा. स्वयंपाकघरातही शेगडी खिडकीजवळ असावी आणि काम झाल्यावर उरलेला कोळसा पूर्ण जळेपर्यंत खिडकी उघडीच राहावी. मध्येच पंखा बंद पडला तरी आत पाणी ओतू नका, वाफेबरोबर गरम राख तोंडावर उडते. भांडे उतरवा, दारे उघडा, जळू द्या.

राहिला पेलेट मिळण्याचा प्रश्न. २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशाबरोबर पेलेट जाळण्याचे धोरण लागू केले, त्यामुळे कारखानदाराला ट्रकभर माल घेणारे गिऱ्हाईक मिळाले. दोन पोती मागणाऱ्या मावशीचा नंबर त्यानंतर. ती आता चार खानावळवाल्यांसोबत एकदम माल मागवते, तोही एप्रिल-मेमध्ये, जेव्हा तो कडक कोरडा असतो. घेताना पोत्याच्या तळाशी हात घालून भुकटी किती आहे ते पाहते आणि एक कांडी ग्लासभर पाण्यात टाकते. घट्ट दाबलेली असेल तर ती बुडते, आणि थोड्या वेळाने फुगून भुसा होते. माल गव्हाच्या जुन्या कोठीत, झाकण लावून, भिंतीपासून हातभर दूर. मृगाचा पाऊस पडण्याआधी पंखा काढून पुसायचा, आणि शेगडी बंद राहणार असेल तर महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करायची. यातले शेवटचे काम सध्या माझ्या धाकट्या मावसभावाकडे आहे, तो आठवीत आहे आणि मल्टीमीटर मागतो आहे.