परदेशी देणगीची वाट

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर, जेथे शिकवणीवर्गांच्या पाट्यांनी इमारतींचे दर्शनी भाग झाकले आहेत, तेथील एखाद्या छोट्या संस्थेला निर्धन मुलीच्या शिक्षणार्थ परदेशातून धाडलेली रक्कम, २०१० च्या परकीय अंशदान कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनुसार, प्रथम दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेतच जमा व्हावी लागते. ती अन्य संस्थेकडे वर्ग करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. वह्या-गणवेशांच्या पावत्या जुळवून वार्षिक हिशेब ९ महिन्यांत केंद्रीय गृहमंत्रालयास सादर करणे एकुलत्या कारकुनाला जड जाते, तरी ही शिस्त मला सर्वथा इष्ट वाटते. अमेरिकास्थ मराठी गृहस्थाने भारतीय नागरिकत्व राखले असल्यास त्याच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत आलेली देणगी परकीय ठरत नाही. तेथले नागरिकत्व पत्करलेल्या त्याच्या सख्ख्या भावाची मात्र ठरते.