आग लावण्याची वेळ

उत्तर ऑस्ट्रेलियात पावसाळाभर डोक्याच्या वर वाढलेलं गवत, आपल्या ज्वारीचंच एक रानटी भावंड, पावसाळा सरताना, एप्रिलमधल्या वादळी सरींत आडवं होतं. मग वूलीबट हे नीलगिरीच्या जातकुळीतलं झाड फुलतं. बिनिंज आदिवासींसाठी ही खूण पुरेशी असते: रान जाळायला घ्यायचं.

मे-जूनमधल्या या आगीसोबत माणूस चालत जाऊ शकतो. गवत वरून वाळलेलं, बुडाशी ओल. ज्वाळा गुडघ्याच्या आसपास. ओहोळाशी आली की आग थबकते, रात्री दव पडलं की बहुधा आपणच विझते. झाडांचे शेंडे हिरवे राहतात, सरड्यांना सरकायला सवड मिळते. मागे जळक्या आणि हिरव्या ठिगळांची गोधडी उरते. पुढे ऑक्टोबरात वीज पडून वणवा पेटला, तरी त्याला सलग गवत मिळत नाही. आपलं वनखातं जाळरेषा काढतं, ती याच हेतूनं.

विसाव्या शतकात बिनिंजांच्या मुलखातल्या, पश्चिम आर्नहेम लँडच्या पठारावरची बहुतेक माणसं ख्रिस्ती मिशनच्या वस्त्यांकडे, कामधंद्याच्या ठिकाणी गेली. मागं उरलेलं निर्मनुष्य रान सुरक्षित राहायला हवं होतं, झालं उलटंच. वेळेवर जाळणारं कुणी नव्हतं, त्यामुळे कोरड्या हंगामाच्या अखेरीस पेटलेले प्रचंड वणवे फक्त याच पठारावर वाढणाऱ्या अन्बिनिक वृक्षांची जंगलं कडेनं कुरतडू लागले.

बर्दयाल ‘लॉफ्टी’ नाजामेरेक हे तिथले चित्रकार आणि जाणते वडीलधारे होते. त्यांच्यासारख्यांनी शास्त्रज्ञांना हाताशी धरून माणसं परत रानात नेली. २००६ मध्ये सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर रान वेळेवर जाळण्याचा प्रकल्प उभा राहिला. पैसा दिला, गंमत म्हणजे, डार्विन शहरातल्या नैसर्गिक वायू प्रकल्पानं. बदल्यात वर्षाला १,००,००० टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन कमी करायचं. हिशेब मात्र मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचा होतो, कारण जळताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड पुढच्या पावसाळ्यात गवत परत ओढून घेतं. आता हेलिकॉप्टरमधूनही ठिणग्या टाकतात. मला त्यात वावगं वाटत नाही. कुठं आणि कधी, हे ठरवणारा त्या रानाचा माणूस असला म्हणजे झालं.

याउलट, दक्षिणेकडच्या व्हिक्टोरियात २००९ च्या भीषण वणव्यांनंतर चौकशी आयोगानं सरकारी जमिनीपैकी दरवर्षी किमान ५ टक्के जाळण्याचं लक्ष्य सुचवलं. पण हेक्टर भरायचे म्हटल्यावर वस्तीपासून लांबचं, जाळायला सोपं रान आधी जाळलं जाण्याचा धोका होताच. काही वर्षांत ते लक्ष्य सोडून द्यावं लागलं.