जिऱ्याएवढ्या माशाची भूक

मत्स्यजिरे, मत्स्यबीज, मत्स्यबोटुकली. श्रोतेहो, सरकारी मराठीवर आपण एरवी कितीही हसलो, तरी हे तीन शब्द ज्याने कुणी घडवले त्याला माझा सलाम. अंड्यातून बाहेर पडून तीन दिवस झालेले पिल्लू जिऱ्याएवढे, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचे. ते इंचभर झाले की बीज. बोटाएवढे झाले की बोटुकली.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. प्रथिनांशी माझा संबंध ताटापुरता. पण उजनीच्या काठी माझ्या भाच्याने कर्ज काढून दोन लहान तळी खणली आणि कटला, रोहू, मृगळ यांचे जिरे आणून सोडले. एक दिवस तो मला म्हणाला, "मामू, एवढंसं पिल्लू, त्याला भारी खाद्य कशाला? मोठं झाल्यावर घालतो की!" प्रश्न साधा, पण त्याच्या कर्जाचे हप्ते या प्रश्नाला बांधलेले. म्हणून मी जाणकारांना विचारले, थोडे वाचले. त्याला जे सांगितले तेच तुम्हाला सांगतो.

आधी वाढीचा वेग पाहा. जिरे असताना पिल्लाचे वजन दीड मिलिग्रॅमच्या आसपास असते. पंधरा-वीस दिवसांत त्याचे बीज होते तेव्हा ते शंभर पटीच्या घरात गेलेले असते. माणसाचे मूल दुप्पट व्हायला चार-पाच महिने घेते. ही सगळी वाढ म्हणजे मांस, आणि मांस प्रथिनांचेच बनते. त्यामुळे या वयात खाद्यात शंभराला चाळीस ते पंचेचाळीस भाग प्रथिने लागतात. बोटुकलीला पस्तीसच्या आसपास, आणि पुढे मोठ्या माशाचे पंचवीस-तीसवर भागते. म्हणजे भाच्याचा हिशेब बरोबर उलटा होता.

मासा कोंबडीपेक्षा खादाड, असा याचा अर्थ नव्हे. कोंबडीच्या खाद्यात प्रथिने वीस-बावीस टक्के असतात. पण तिला अंग ऊबदार ठेवायचे असते, दोन पायांवर शरीर तोलायचे असते. त्यासाठी मका, ज्वारी हे इंधन लागते. माशाचे अंग पाण्याइतकेच गार आणि त्याचा भार पाणीच उचलते. त्याला इंधन थोडे पुरते. इंधन कमी झाले की उरलेल्या खाद्यात प्रथिनांचा वाटा आपोआप मोठा दिसतो. मला तर मासा फार काटकसरी प्राणी वाटतो.

आता आपल्याकडची रूढ रीत घ्या. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मे निम्मे. पेंडीत प्रथिने शंभराला चाळीसच्या थोडी वर, कोंड्यात बाराच्या आसपास. दोन्हींची सरासरी सत्तावीस. मोठ्या माशाला ठीक; पण जिऱ्याला अपुरे. शिवाय शरीर स्वतः तयार करू शकत नाही अशी दहा अमिनो आम्ले माशाला खाद्यातूनच मिळावी लागतात. त्यांतली लायसिन आणि मेथिओनिन ही दोन पेंडीत कमी पडतात. सुक्या मासळीची भुकटी किंवा सोयाबीनची पेंड मिसळली की लायसिनची उणीव बरीच भरून निघते. मेथिओनिन मात्र सोयातही कमीच, ते मासळीच्या भुकटीतून मिळते. डाळ-भात एकत्र का खायचा, हे आपल्या आयांना कुणी शिकवले नव्हते. तत्त्व तेच आहे.

खर्चाचे काय? इथे मला आकड्यांनी चकित केले. एक लाख जिऱ्यांना पहिले पाच दिवस रोज सहाशे ग्रॅम आणि पुढचे दहा दिवस रोज बाराशे ग्रॅम खाद्य देण्याची शिफारस आहे. करा बेरीज. पंधरा दिवसांत सगळे मिळून पंधरा किलो! त्यात थोडी मासळीची भुकटी गेली तर कुणाचे दिवाळे निघणार नाही. उलट लाख जिऱ्यांतून तीस-चाळीस हजारच बीज हाती येणे आपल्याकडे नेहमीचे. त्यात दहा हजारांची भर पडली तर खाद्याचे पैसे केव्हाच वसूल.

तरीही भारी खाद्य भरमसाठ ओतणे हा शहाणपणा नाही. वाढीला लागतात त्याहून जास्त प्रथिने मासा जाळून टाकतो आणि त्यातला नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते आणि पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. पहाटे पिल्ले पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसली, तर खाद्य थांबवून आधी पाण्याकडे बघावे. आणि बुरशी लागलेली पेंड स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. त्या बुरशीचे विष यकृतावर जाते.

सगळ्यांत उत्तम खाद्य मात्र बाजारात मिळत नाही. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव हे या पिल्लांचे आईचे दूध. कटला पुढे वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. पण लहानपणी तिघांचाही घास हाच. कार्पच्या जातीला मुळात जठर नसते आणि कोवळ्या पिल्लाच्या आतड्यात पाचकरसही पुरेसे नसतात. तेव्हा पिठापेक्षा जिवंत जीव त्याला सहज पचतात, आणि त्यांच्या कोरड्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात.

ते वाढावेत म्हणून जिरे सोडण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी तळ्यात शेण घालतात. पुरेसे वाढले की नाही, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. तळ्यातले पन्नास लिटर पाणी बारीक जाळीतून गाळायचे. खाली एक ते दोन मिलिलिटर गाळ साचला, तर जिरे सोडायला हरकत नाही. कमी साचला, तर आणखी थोडे शेण आणि आणखी चार दिवस. भाचा हल्ली हे स्वतःच करतो. औषधाच्या बाटलीचे झाकण त्याने मापाला ठेवले आहे.