बँक, बाप्तिस्मा आणि समाजशास्त्र

धर्म खरा की खोटा, या विषयावरील व्याख्यानांना आपल्याकडे कधी वाण पडलेली नाही. आम्हांला येथे त्या प्रश्नाला हात घालावयाचा नाही. धर्मसंस्थांचे समाजशास्त्र त्याच्या बरेच अलीकडे थांबते. देवाच्या नावाने जी माणसे एकत्र येतात त्यांना आत कोण घेते, बाहेर कोण काढते आणि दिवाबत्तीचा खर्च कोण सोसतो, एवढेच ते विचारते. हे प्रश्न एखाद्या हिशेबनिसाला शोभावेत इतके साधे दिसतात. पण ते विचारले की श्रद्धाळूही रागावतो आणि नास्तिकालाही ते पचत नाहीत. तेव्हा त्यांत काही तथ्य असावे.

या शास्त्राचा एक मूळपुरुष म्हणजे जर्मन पंडित माक्स वेबर. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुइस येथे जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या विद्वत्परिषदेला तो गेला होता. त्याच प्रवासात नॉर्थ कॅरोलिना राज्यातील माउंट एअरी या गावी तो आपल्या मातुल घराण्यातील नातलगांकडे उतरला. ऑक्टोबरातला रविवार होता. डोंगरातून आलेल्या ओढ्याच्या थंडगार डोहात बाप्तिस्म्याचा विधी चालला होता. आसपासच्या वस्त्यांवरील मंडळी ठेवणीतले कपडे घालून, घोडागाड्या जुंपून आली होती. काळ्या पोशाखातील उपदेशक कमरेइतक्या पाण्यात उभा होता. एकेक जण पुढे येई, पाण्यात पुरता बुडविला जाई, कुडकुडत बाहेर येई, की लगेच त्याला जाड घोंगड्यात गुंडाळून मंडळी त्याचे अभिनंदन करीत. वेबरशेजारच्या नातलगाला या सोहळ्याचे फारसे सोयरसुतक नव्हते. मात्र एक तरुण पाण्यात उतरलेला पाहताच, आपण म्हटलेच होते, असे तो बोलून गेला. मागाहून वेबरने त्याला छेडले, तेव्हा उलगडा झाला. त्या तरुणाला गावात बँक काढावयाची होती. मग बॅप्टिस्टांची वस्ती येथे एवढी मोठी आहे काय? मुळीच नाही. पण एकदा का बाप्तिस्मा झाला, की साऱ्या मुलखाचे व्यवहार याच्याकडे येतील आणि बाकीच्यांना हा मागे टाकील!

ही गोष्ट ऐकून कोणीही म्हणेल, की हा मनुष्य ढोंगी, देवाला त्याने भांडवल केले. वेबर एवढ्यावर थांबला नाही. बिगर-बॅप्टिस्ट शेतकऱ्याने आपली पुंजी या माणसाच्या हाती का द्यावी, हे कोडे त्याला सोडवायचे होते. उत्तर प्रवेशाच्या रीतीत सापडले. त्या मंडळीत शिरू पाहणाऱ्याची कसून चौकशी होई. तो गुत्त्यात जातो काय, पत्ते खेळतो काय, देणे वेळेवर फेडतो काय, हे पार लहानपणापर्यंत खणून पाहिले जाई. आत घेतल्यावरही पाळत सुटत नसे. वर्तन बिघडले की सभासदत्व गेले, आणि सभासदत्व गेले की बाजारातली पतही गेली. म्हणजे त्या तरुणाच्या मनात भक्ती होती की नफा, याने फारसे बिघडत नव्हते. त्याला चोख राहणे भागच होते. गावकऱ्यांनी विश्वास टाकला तो त्याच्या अंतःकरणावर नव्हे, त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या मंडळीवर.

वेबरला असे आणखी मासले मिळाले. सिनसिनाटी शहरात एक जर्मन डॉक्टर नुकताच स्थायिक झाला होता. त्याचा पहिलाच रोगी बाकावर आडवा होताच, आपण अमुक रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चचे सभासद आहोत, असे ठासून सांगू लागला. नाकाच्या दुखण्याशी याचा काय संबंध, हे डॉक्टरला कळेना. शेवटी एका अमेरिकन स्नेह्याने हसत खुलासा केला: फीची काळजी करू नका, एवढाच त्याचा अर्थ! आगगाडीत भेटलेला एक फिरता विक्रेता तर थडग्यांवर बसवायची लोखंडी अक्षरे विकत असे. ज्याने त्याने हवे ते मानावे, पण जो कोणत्याच चर्चचा नाही त्याला आपण पन्नास सेंटही उधार देणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. कशावरच विश्वास नसलेला माणूस आपले पैसे का फेडील?

१९०६ साली वेबरने या अनुभवांवर लेख लिहिला आणि त्यातून एक महत्त्वाचा भेद मांडला. चर्चमध्ये माणूस जन्मतो. पंथात तो पारखून घेतला जातो. चर्च पाप्यालाही आणि पुण्यवंतालाही आपल्या छत्राखाली घेते, म्हणून त्याचे सभासदत्व माणसाच्या वर्तनाविषयी काहीच सांगत नाही. पंथाचे सांगते. वेबरचा मित्र एर्न्स्ट ट्रोल्च याने १९१२ साली या जोडीला तिसरा प्रकार जोडला. तो म्हणजे ना चर्च ना पंथ, आपल्यापुरता अंतरीचा अनुभव शोधणाऱ्यांचा. पुढे १९२९ साली अमेरिकेतील एच. रिचर्ड नीबूर याने दाखवून दिले, की पंथ फार काळ पंथ राहत नाही. संस्थापकांची मुले पारखून आत आलेली नसतात, ती आत जन्मलेली असतात. दुसऱ्या पिढीतच पंथाचे चर्च होऊ लागते.

वेबरने डोह पाहिला त्याच नॉर्थ कॅरोलिनात, दक्षिणेकडे गॅस्टोनिया नावाचे सूतगिरण्यांचे शहर आहे. १९२९ साली तेथील लोरे गिरणीत मोठा संप झाला. त्याचे नेतृत्व कम्युनिस्ट संघटनेकडे होते. संपाच्या धामधुमीत पोलिसप्रमुख मारला गेला, आणि गीते रचून गाणारी एला मे विगिन्स ही कामगार स्त्रीही गोळीला बळी पडली. या काळात चर्चचे उपदेशक कोणाच्या बाजूला होते? लिस्टन पोप याने याच प्रश्नावर संशोधन करून १९४२ साली ग्रंथ लिहिला. (आडनावावरून रोमची आठवण होईल, पण हा प्रॉटेस्टंट.) गिरणीवस्त्यांतील चर्चना गिरणीमालकांकडून जागा, इमारतीला मदत, उपदेशकाच्या पगारात भर, असे बरेच काही मिळत असे. उपदेशकांनी संपकऱ्यांची बाजू घेतली नाही. कोणी त्यांना उघड दमदाटी केली असेल असे मानण्याची गरज नाही. ज्याच्या वर्गणीवर चूल पेटते त्याच्याविरुद्ध प्रवचन सुचत नाही, इतकेच. पोप स्वतः धर्मोपदेशक होता आणि पुढे येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विद्यालयाचा प्रमुख झाला. असल्या अभ्यासाने श्रद्धा नष्ट होते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या घरात डोकावू. माळकऱ्याच्या शब्दावर विसंबणे आपल्या खेड्यांना नवीन नाही. तुळशीची माळ घालणे म्हणजे मद्यमांस सोडणे, वारी न चुकविणे. वारकरी घरात मूल जन्मले तरी माळ ज्याची त्याने घालावयाची असते. या दृष्टीने वारकरी संप्रदाय वेबरच्या पंथाला जवळचा. पण माउंट एअरीसारखी प्रवेशाची चौकशी येथे नाही, आणि वाळवंटात कोणालाही मज्जाव नाही. मग बंधन कशाचे? जातीचे. इरावतीबाई कर्वे यांनी दिंडीबरोबर चालून जे लिहिले, त्याचे इंग्रजी रूप १९६२ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक गोष्ट लपविली नाही: एकाच दिंडीत एकच अभंग गाणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत. ज्यांना पंढरीची वाट एक, त्यांना पंगत एक का नसावी, ही खंत बाईंना वाटेत सतत टोचत राहिली. भजनाची मंडळी आणि पंगतीची मंडळी यांची सीमा एक नाही, हे ग्रंथ वाचून कळत नाही; त्यासाठी पायी चालावे लागते.

आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे काय करावे? १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर, आप्त, पत्नीसुद्धा काही काळ दुरावली. बाप्तिस्म्याची किंमत इतकी मोजलेल्या या माणसाने १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणालाही जागा होती, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. प्रवेशाची अटच त्यांनी काढून टाकली. १९१९ साली टिळक निवर्तले. दरबारातल्या बाप्तिस्मा न झालेल्या माणसाने शिरगणतीच्या कारकुनाला आपला धर्म काय सांगावयाचा, या प्रश्नाला वेबरच्या दोन खणांत जागा नाही. ट्रोल्चच्या तिसऱ्या खणात असेल, तर तो खण उघडून पाहण्याचे काम मराठीत अजून व्हावयाचे आहे.