पहिल्या पानाचं भाडं

आठवडे बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला जागेचं मोल शिकवावं लागत नाही. बाजाराच्या तोंडाशी बसलं तर मेथीच्या जुड्या दहाच्या आत संपतात. मागच्या बोळात बसलं तर त्याच जुड्या उन्हात कोमेजतात. म्हणून ती पहाटेची गाडी पकडते आणि पोतं अंथरून जागा धरते. लवकर उठणं हेच तिचं भांडवल.

ऑनलाइन बाजारात मात्र लवकर उठून काही उपयोग नाही. तिथे पुढच्या जागेचा लिलाव होतो, आणि तो वर्षातून एकदा नाही, तर प्रत्येक गिऱ्हाइकामागे होतो. कमिशन वेगळं, कुरिअर वेगळं आणि हे पुढच्या जागेचं भाडं वेगळं. गोधड्या, मसाले, कुरडया, क्रोशाची तोरणं, हाताने रंगवलेल्या पणत्या असं काही ऑनलाइन विकणाऱ्या किंवा विकायचा विचार करणाऱ्या मैत्रिणींनी हे भाडं आधी नीट समजून घ्यायला हवं. ‘विक्री वाढलीय, पण हातात पैसा दिसत नाही’ या कोड्याचं उत्तर बरेचदा इथेच सापडतं.

लिलाव होतो कसा?

आपणही गिऱ्हाईक म्हणून रोज हे बघतो, फक्त लक्ष जात नाही. मोबाइलवर ‘कॉटन गोधडी’ असं लिहून शोधा. वरच्या काही वस्तूंवर बारीक, फिकट अक्षरांत ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘ॲड’ असं लिहिलेलं दिसेल. त्या वस्तू तिथे आल्या, कारण त्यांच्या मालकांनी जागेचे पैसे मोजलेत. गोधडी चांगली आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

विक्रेत्याने आधीच सांगून ठेवलेलं असतं, ‘या शब्दांसाठी मी एका क्लिकला इतके रुपये द्यायला तयार आहे.’ गिऱ्हाइकाने ते शब्द लिहिले, की पापणी लवायच्या आत सगळ्या बोली तपासल्या जातात. बोली किती मोठी आणि वस्तू विकली जाण्याची शक्यता किती, हे दोन्ही बघून जागा वाटल्या जातात. नुसतं दिसण्याचे पैसे लागत नाहीत. पण गिऱ्हाइकाने बोट टेकवलं की पैसे कापले गेले. मग ती घेवो न घेवो.

हा धंदा केवढा मोठा झालाय बघा. ॲमेझॉनने भारतात २०१३च्या जूनमध्ये बाजार उघडला. जगभरच्या जाहिरातींतून मिळणारं उत्पन्न या कंपनीने २०२१च्या हिशेबात पहिल्यांदा वेगळं दाखवलं, तेव्हा ते ३,१०० कोटी डॉलरच्या वर होतं. २०२४ साली तेच ५,६०० कोटी डॉलरच्या पुढे गेलं. फ्लिपकार्टवरही जाहिराती आहेत. मीशोने २०२१मध्ये विक्रेत्यांचं कमिशन काढून टाकलं, त्याचं खूप कौतुक झालं. पण पुढे दिसायचं असेल तर जाहिरात तिथेही घ्यावी लागते. कमिशन नाही म्हणजे सगळं फुकट, असं समजू नये.

चार आण्याची कोंबडी

आता वही-पेन घ्या. आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, एक गोधडी हजार रुपयांना विकली. कापड, अस्तर, दोरा मिळून ३५०. शिवणारीची मजुरी ३००. कमिशन, कुरिअर आणि पॅकिंग २००. उरले १५०. हा आपला नफा.

आता जाहिरात लावली, सहा रुपये क्लिकने. शंभर जणींनी गोधडीवर बोट टेकवलं आणि त्यातल्या चौघींनी ती घेतली. जाहिरातीचा खर्च झाला ६०० रुपये. चार गोधड्यांचा नफाही ६०० रुपये. म्हणजे चार गोधड्या शिवल्या, घड्या घातल्या, बांधल्या, पाठवल्या आणि शिल्लक शून्य! त्यात जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी १०८ रुपये. तुमची नेहमीची जीएसटी नोंदणी असेल तर हा कर वळता करून घेता येतो. नसेल तर तो खर्चच. मग प्रत्येक गोधडीमागे २७ रुपये घरातून गेले.

गंमत अशी, की मोबाइलवरच्या जाहिरातीच्या पानावर हे तोटा म्हणून दिसतच नाही. तिथे लिहिलेलं असतं, ‘खर्च ६०० रुपये, विक्री ४,००० रुपये.’ वाचून कुणालाही वाटेल, वा, सहाशे टाकले आणि चार हजार आले! कापडाचे किती गेले, मजुरीचे किती गेले, हे त्या पानाला ठाऊक नसतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच प्रकार.

यात एक गोधडी परत आली तर? कुरिअरचा हिशेब पुन्हा बिघडतो आणि ज्या क्लिकांचे पैसे गेले, ते काही परत येत नाहीत.

इथे बायकांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास घडते. शिवणारी आपणच असतो, म्हणून मजुरी हिशेबात धरलीच जात नाही. ‘घरच्या घरी तर करतेय’ असं म्हटलं, की ते ३०० रुपये नफ्यात जमा होतात. मग गोधडीमागे ४५० सुटतात असं वाटतं आणि जाहिरात परवडते असंही वाटतं. प्रत्यक्षात जाहिरात चाललेली असते आपल्या रात्रीच्या जागरणावर. कंपनीला तिचं भाडं रोख मिळतं, आपली मजुरी मात्र वहीत चढतही नाही.

बोली कोण जिंकतं?

‘बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही’ असं म्हणतात. जाहिरात करूच नये, असं कुणी म्हणणार नाही. अडचण वेगळी आहे. या लिलावात मोठी बोली लावायला चांगला हात असून भागत नाही, सुटणारा पैसा मोठा असावा लागतो.

यंत्रावर हजारोंनी छापलेली रजई कुणी कारखान्यातून १५० रुपयांना उचलली आणि ७००ला विकली, तर त्याच्याकडे क्लिकला दहा-बारा रुपये टाकायची ताकद असते. हाताने टाके घालणारीकडे ती नसते, कारण तिच्या किमतीतला मोठा भाग कापडात आणि मजुरीत गेलेला असतो. म्हणजे जिची वस्तू जास्त मेहनतीची, तिची बोली छोटी. दिवाळीच्या तोंडावर तर सगळेच बोली वाढवतात आणि पाच रुपयांची जागा कुठल्या कुठे जाते.

आणखी एक. तुमच्या गटाच्या मसाल्याचं नाव झालं, लोक त्या नावाने शोधू लागले, तरी सुटका नाही. अनेक ठिकाणी दुसरा विक्रेता तुमच्याच नावाच्या शब्दावर बोली लावू शकतो. गिऱ्हाईक तुमचं नाव लिहितं आणि वर दिसतो त्याचा मसाला. मग आपल्याच नावासाठी आपल्याला पैसे मोजायची वेळ येते.

सातासमुद्रापारच्या बायकांनी काय केलं?

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००५ साली एट्सी नावाचा ऑनलाइन बाजार सुरू झाला, खास हाताने केलेल्या वस्तूंसाठी. विणकाम, दागिने, मेणबत्त्या, खेळणी असं सारं. विकणाऱ्यांत बहुसंख्य बायका, बऱ्याचशा घरातूनच काम करणाऱ्या. सुरुवातीची कित्येक वर्षं कमिशन होतं साडेतीन टक्के. २०१८मध्ये ते पाच टक्के झालं.

२०२०मध्ये एट्सीने नवी पद्धत आणली. विक्रेत्यांच्या वस्तूंच्या जाहिराती कंपनी स्वतःच गूगल, फेसबुक अशा ठिकाणी लावणार. त्या जाहिरातीवरून आलेल्या गिऱ्हाइकाने तीस दिवसांत त्या दुकानातून खरेदी केली, की विक्रीतले १५ टक्के जाहिरातीचे म्हणून कापणार. वर्षाला दहा हजार डॉलरच्या आत विक्री असणाऱ्यांना ‘नको’ म्हणायची मुभा होती. विक्री त्याच्या वर गेली, की दर १२ टक्के, पण नाही म्हणायची सोय नाही. म्हणजे धंदा वाढला की जाहिरात सक्तीची! क्लिकच्या पद्धतीपेक्षा यात एक बरं, की विक्री झाली तरच पैसे जातात. पण आपल्या मालाची जाहिरात कुठे लावायची आणि कधी थांबवायची, हे ठरवणं मालकिणीच्या हातात उरलं नाही.

११ एप्रिल २०२२ला कमिशन साडेसहा टक्क्यांवर गेलं आणि त्याच दिवशी हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकानं बंद ठेवली. सक्तीची जाहिरात नको, ही त्यांची एक मोठी मागणी होती. कंपनीने दरवाढ मागे घेतली नाही. पण कमिशन आणि जाहिरात मिळून शंभरातले साडेअठरा डॉलर कसे जातात, हे त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून जगापुढे आलं.

त्याच्या पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०२३ला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १७ राज्यांना बरोबर घेऊन ॲमेझॉनवर दावा लावला. त्यातला एक आरोप असा, की गिऱ्हाइकाने जे शोधलं ते दाखवण्याऐवजी पैसे घेतलेल्या जाहिरातींची गर्दी केली जाते. कंपनीने हे आरोप नाकारले आहेत.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

आपल्याकडेही नियम आहेत, फक्त ते आपल्यापर्यंत पोचत नाहीत. २०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, वस्तू आणि विक्रेत्यांचा क्रम कोणत्या मुख्य गोष्टींवर ठरतो, हे ऑनलाइन बाजाराने साध्या, स्पष्ट भाषेत सगळ्यांना वाचता येईल असं सांगितलं पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ला ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे गिऱ्हाइकाला चकवण्याच्या युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत १३ युक्त्यांची यादी आहे आणि जाहिरात आहे हे लपवून ती दाखवणं ही त्यातलीच एक.

मग करायचं काय?

जाहिरात लावण्याआधी वहीत तीन आकडे लिहा. स्वतःची मजुरी धरून एका वस्तूमागे किती सुटतात? किती क्लिकमागे एक वस्तू विकली जाते? आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की किती येतात? आपल्या उदाहरणात १५० भागिले २५, म्हणजे सहा रुपये. कर वळता होत नसेल तर तो आत धरून बोली जेमतेम पाच रुपये. याच्या वर गेलात की तोटा. याच्या खाली राहिलात तरच काही हाती पडेल.

दिवसाच्या खर्चाची मर्यादा घालता येते, ती पहिल्याच दिवशी घाला. शंभर रुपये म्हणजे शंभरच.

मोठ्या शब्दांच्या मागे लागू नका. ‘गोधडी’ या शब्दावर सगळ्यांची झुंबड असते. ‘बाळासाठी मऊ सुती गोधडी’ असं शोधणारी कमी असतात, पण त्या घ्यायच्या तयारीने आलेल्या असतात आणि अशा शब्दांची बोलीही बहुधा कमी लागते. जे शब्द नकोत, उदाहरणार्थ ‘डबल बेड रजई’, तेही आधीच वगळता येतात.

नव्या वस्तूला गिऱ्हाइकांचे अभिप्राय नसतात, तेव्हा थोडे दिवस जाहिरात लावणं समजू शकतं. त्यासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढा. ती संपली की थांबून हिशेब करा. जाहिरात बंद केल्यावर विक्री साफ थांबत असेल, तर दोष फोटोत आहे, किमतीत आहे की वर्णनात, ते बघा.

आणि सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका. ‘उमेद’ अभियानाचं महालक्ष्मी सरस, पुण्यातली भीमथडी जत्रा, तालुक्याची प्रदर्शनं इथे आधी खर्च कळतो आणि मग आपण जायचं की नाही ते ठरवतो. तिथे भेटलेलं गिऱ्हाईक आपलं असतं. त्याचा नंबर विचारून आपल्या वहीत लिहिता येतो. १ ऑक्टोबर २०२३पासून ठरावीक उलाढालीच्या आतल्या छोट्या विक्रेत्यांना, आपल्याच राज्यात माल विकायचा असेल तर, पूर्ण जीएसटी नोंदणीशिवाय नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन बाजारात उतरता येतं. त्यामुळे सुरुवात छोटी करायला हरकत नाही.

शेवटी एक विनंती, गिऱ्हाईक म्हणून. दुपारी आडवं पडल्यावर ‘सहज बघूया’ म्हणून आपण दहा वस्तूंवर बोट टेकवतो. त्यातल्या ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेल्या वस्तूवर टेकवलेलं प्रत्येक बोट कुणाच्या तरी खिशातून पाच-सहा रुपये काढतं. ती एखादी आपल्यासारखीच बाई असू शकते. घ्यायचं नसेल तर तिथे बोट टेकवू नका. घ्यायचं असेल तर थोडं खाली सरका. जिला पुढच्या जागेचं भाडं परवडलं नाही, तिचीही गोधडी तिथे घडी करून ठेवलेली असते.