चुलीचा धूर : प्रतिबंधाची तजवीज

ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचेच असल्यामुळे, ते उडविण्यात उष्णता खर्ची पडून ज्वाळा मंदावते व न जळलेली द्रव्ये धूररूपाने घरात पसरतात. म्हणून पावसाळ्याच्या बेगमीचे सरपण हिवाळ्यातच फोडून, हवेशीर छपराखाली रचून, ओलावा शेकडा 20 च्या खाली येईतो वाळू द्यावे. वर्ध्याच्या मगनवाडीतून प्रसार पावलेल्या मगन चुलीला धुराडे असे खरे, परंतु धुराडे म्हणजे केवळ भिंतीतील भोक नव्हे : ते शक्य तितके सरळ, आढ्याहून दोन फूट तरी उंच आणि काजळीपासून मुक्त असावे, आणि वैलावर, म्हणजे चुलीच्या जोड तोंडावर, भांडे नसेल तेव्हा वैलाचे तोंड झाकावे, अन्यथा थंड हवा तेथून शिरून धुराड्याची ओढ मोडते. प्रारंभी बारीक काटक्यांचा जाळ करून धुराडे तापवावे. लाकडे कोंबू नयेत. फुंकणी जिथे हातातून सुटतच नाही, तेथे गृहिणीला नव्हे, चुलीच्या रचनेला दोष द्यावा. थंडीत दारेखिडक्या लावून निखारे धुमसत ठेवण्याची चाल मात्र सर्वस्वी त्याज्य, कारण त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वासावरून ओळखता येत नाही.