खारी बावलीतील गुच्छी

दिल्लीस जाणारा मराठी प्रवासी लाल किल्ला पाहतो, चांदणी चौकात हिंडतो. पण त्याच रस्त्याच्या टोकाशी, फत्तेपुरी मशिदीला लागून असलेल्या खारी बावलीत तो सहसा शिरत नाही. हळद, मिरची, सुका मेवा यांच्या या घाऊक पेठेत एक तपकिरी, सुरकुतलेला जिन्नस मिळतो. हीच गुच्छी. किलोचा दर दहा हजार रुपयांच्या बराच वर असल्याने घरगुती गिऱ्हाईक ती तोळ्यांच्या हिशेबानेच घेते.

आपल्याकडे पावसाळ्यात वारुळांवर अळंबी उगवते. गुच्छी तिची जवळची भावंड नव्हे. हिला छत्री नसते. मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार टोपी असते. काश्मीर, हिमाचल व उत्तराखंड येथील देवदार-चिडाच्या रानांत, बर्फ वितळू लागले म्हणजे, मार्च ते मे या काळात ती जमिनीतून वर येते. वीज कडाडली की गुच्छी फुटते, असा पहाडी लोकांचा समज आहे. विजेचे काही असो, अमेरिकेतील वणव्याने होरपळलेल्या अरण्यांत पुढील वसंतात तिचे अमाप पीक आलेले दिसते.

ही वेचणे मोठे चिकाटीचे काम. पाचोळ्याच्या रंगात ती बेमालूम मिसळून जाते. दिवसभर हिंडूनही कधी मूठभरच हाती लागते. सापडलेली जागा कोणी शेजाऱ्यासही सांगत नाही! माळा ओवून चुलीच्या उबेवर ती वाळवितात, आणि दहा किलो ओल्या गुच्छीची जेमतेम एक किलो सुकी होते. हे ध्यानी घेतले म्हणजे दिल्लीचा दर तितकासा अवाजवी वाटत नाही.

चीनमध्ये तिची मोठ्या प्रमाणावर शेती होते. सोलन येथील अळिंबी संशोधन संचालनालयानेही २०२१ साली लागवड साधल्याचे जाहीर केले. खाणाराच्या दृष्टीने ही वार्ता आनंदाची खरी. परंतु वसंतातील या वेचणीवरच ज्या पहाडी कुटुंबांस रोख पैसा दिसतो, त्यांच्या मालाला उद्या कोणता भाव येईल?

गृहिणींसाठी एक इशारा. गुच्छी कच्ची वा अर्धी शिजलेली कधीही खाऊ नये. २०२३ साली अमेरिकेतील माँटाना राज्यात एका उपाहारगृहात अशा गुच्छीमुळे पन्नासाहून अधिक लोक आजारी पडले व दोघे दगावले. तिच्यासारखी दिसणारी एक विषारी जातही असते. खरी गुच्छी उभी चिरली असता शेंड्यापासून बुडापर्यंत एकसंध पोकळ दिसते. आत गर वा कप्पे आढळल्यास ती टाकून द्यावी. चिरल्याने जाळीत अडकलेली रेतीही निघते. मग अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, स्वच्छ धुऊन, तुपात कांद्यावर परतावी, झाकण ठेवून पुरती शिजवावी, आणि मगच बासमती तांदळाच्या पुलावात घालावी. चार माणसांस आठ-दहा गुच्छ्या पुरतात. गरम मसाला मात्र बेताचाच हवा; नाहीतर रानाचा तो मंद, मातकट सुगंध त्यात बुडून जातो.